आठ इंची भोकाची राखण

स्टॅन्ली क्रेमरचा ‘ओक्लाहोमा क्रूड’ हा १९७३चा पिक्चर बडोद्यात बसून बघण्यात वेगळी गंमत आहे. मकरपुऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या मराठी घरांत ‘ते रिगवर (तेलविहीर खणायच्या यंत्रावर) गेलेत’ हे उत्तर ‘ऑफिसला गेलेत’ इतकंच सरावाचं. केसिंग, मड, फिशिंग हे शब्द इथल्या पोरांच्या कानांवर पाढ्यांबरोबर पडतात. दुसऱ्या गावचा प्रेक्षक टेकडीवरच्या बंदुका मोजतो. इथला विचारतो, बॉयलरला पाणी कुठून आणतात?

गोष्ट थोडक्यात अशी. साल १९१३. उघड्या माळावर एक टेकडी, टेकडीवर एकच डेरिक, म्हणजे तेलविहिरीवरचा मनोरा, आणि ती विहीर एका बाईची. कुणा पुरुषावर काडीचा विश्वास न ठेवणारी ही बाई म्हणजे फे डनवे. बाप म्हणून जॉन मिल्स, उशिरा उपरती झालेला. मजुरीवर धरून आणलेला भटक्या जॉर्ज सी. स्कॉट. टेकडी बळकवायला कंपनीने पाठवलेला माणूस जॅक पॅलन्स, आणि त्याला ती भूमिका करताना जी मजा येते ती लपत नाही. संगीत हेन्री मॅन्सिनीचं. मधला भाग थोडा सैल आहे, प्रेमप्रकरण ओढूनताणून जमवलंय. पण वेस्टर्नचा सगळा सांगाडा शाबूत ठेवून गुरांच्या जागी तेल आणि रेल्वेच्या जागी तेल कंपनी बसवण्याची कल्पना फक्कड. शेवट सांगत नाही.

सांगायचंय ते टेकडीवरच्या यंत्राबद्दल. ते काय करतं, त्याला काय लागतं आणि ते कशाने बिघडतं हे कळलं की सगळी मारामारी नेमकी कशासाठी चाललीय ते दिसू लागतं.

आज आपण ड्रिलिंग म्हटलं की फिरणारा पाइप डोळ्यांसमोर येतो. त्या काळी ओक्लाहोमात एकट्या माणसाच्या विहिरी फिरवून खणत नसत, कांडून खणत. तत्त्व उखळ-मुसळाचं. फक्त मुसळ टन-दीड टनाचं लोखंडी, आणि उखळ हजार-दोन हजार फूट खोल. याला केबल टूल पद्धत म्हणत. एडविन ड्रेकची १८५९ सालची पेनसिल्व्हेनियातली विहीरही अशीच कांडलेली, साडेएकोणसत्तर फूट खोल. ती खणणारा मिस्त्री मिठाच्या पाण्याच्या विहिरी खणणाऱ्यांतला होता. तेलवाल्यांनी हे तंत्र मिठवाल्यांकडून उचललं.

डेरिक लाकडी, साधारण ७२ ते ८४ फूट उंच, पायथा २० फूट चौरस. बाजूला बॉयलर आणि १५ ते २५ अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. इंजिनाचा पट्टा एका मोठ्या चाकावर, चाकाला क्रँक, क्रँकला दांडा, आणि दांड्याच्या वरच्या टोकाला तराजूसारखी मध्यावर टेकलेली भलीमोठी तुळई. हिचं नाव वॉकिंग बीम. चाक फिरलं की तुळईचं एक टोक खाली, दुसरं वर. त्या दुसऱ्या टोकाला दोर, आणि दोराला मुसळ. मिनिटाला ३०-४० ठोके, दर ठोक्याला दोन-तीन फुटांची उचल. बस्स, एवढंच. खडक कातला जात नाही, त्याचा भुगा होतो.

मुसळ एकसंध नसतं. वरून खाली मोजायचं तर आधी दोर अडकवायचं सॉकेट, मग जार, मग जड लांब स्टेम आणि तळाशी बिट. हे जार म्हणजे साखळीचे एकमेकांत अडकलेले दोन लांबट दुवे. त्यांचं काम कांडण्याचं नाही. बिट खाली अडकलं तर दोर ओढून ते निघत नाही, उलट दोर तुटतो. जारमुळे वरचा दुवा थोडा मोकळा सरकतो आणि मग खालून वर हिसका देतो. अडकलेला खिळा आपण ओढत बसत नाही, उलट्या बाजूने ठोकतो, तसं.

तुळई आणि दोर यांच्यामध्ये एक लांब आट्यांचा स्क्रू असतो. भोक जसजसं खोल जाईल तसतसा तो सोडत न्यायचा. त्याची लांबी पाचेक फूट. ती संपली की थांबायचं, मुसळ वर काढायचं आणि खाली पोहरा सोडायचा. हो, विहिरीतला पोहराच. फक्त हा लांब नळीसारखा आणि बुडाला झडप असलेला. तळाला टेकला की झडप उघडते आणि भुग्याचा चिखल आत शिरतो. उचलला की झडप मिटते. चिखल व्हायला भोकात चार बादल्या पाणी लागतं. कमी पडलं तर भुगा गोळ्यासारखा बिटला चिकटतो. जास्त झालं तर मुसळ पाण्यात पडतं, ठोका मरतो. पाणी किती ओतायचं हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसे.

लिहिलेलं नसलेलं आणखी बरंच होतं. ड्रिलर दोरावर हात ठेवून उभा राहायचा. हजार फूट खाली काय चाललंय ते त्याला त्या दोराच्या थरथरीतून कळायचं. बिट तळाला नीट आपटतंय की दोर सैल पडलाय, खडक बदलला का, बिट फिरतंय का. बिट प्रत्येक ठोक्याला थोडं फिरलंच पाहिजे, नाहीतर भोक गोल न होता चपटं होतं. हे फिरवण्याचं काम दोराचा पीळ करतो: ताण आला की पीळ उलगडतो, सुटला की वळतो. दोर फार सैल सोडला तर मुसळ कलतं, भोक वाकडं होतं, आणि वाकड्या भोकात पुढे केसिंग, म्हणजे आतून लावायचा लोखंडी पाइप, उतरत नाही. हे दोनशे फुटांवर कळलं तर ठीक, अठराशेवर कळलं तर महिन्याची मजुरी पाण्यात.

मनुष्यबळ किती? पाळीला दोन माणसं. एक ड्रिलर, एक टूल ड्रेसर. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे चार माणसांत विहीर. ड्रेसरकडे बॉयलरचं जळण, ग्रीस आणि मुख्य म्हणजे लोहारकाम. बिट म्हणजे बोथट छिन्नी. कांडताना तिच्या कडा झिजतात. झिजलेलं बिट भट्टीत लाल करायचं, दोघांनी घणाने ठोकून कडा पुन्हा मूळ मापाच्या करायच्या, लोखंडी कडं घालून माप तपासायचं आणि मग पाणी पाजायचं. इथे आळस केला की काय होतं बघा. बिट झिजतं तसं भोक अरुंद होत जातं, निमुळत्या गाजरासारखं. त्यात नवीन, पूर्ण मापाचं बिट जोरात सोडलं की ते पाचरीसारखं रुततं. मग जार ठोकत बसा. दोन दिवस, चार दिवस.

आणि दोर तुटला तर? मग गळ. गावाकडे विहिरीत पोहरा पडला की गळ टाकून काढतात, तोच प्रकार, पण ज्या भोकात हात जात नाही आणि नजर पोचत नाही अशा भोकात. आधी लाकडी ठोकळ्याला खाली साबण किंवा मेण फासून तो तळाशी दाबायचा आणि वर आणून ठसा वाचायचा: तुटलेल्या टोकाचा आकार काय, ते मध्ये आहे की भिंतीला टेकलंय. मग त्या ठशाप्रमाणे अवजार निवडायचं. दोर पडला असेल तर काटेरी भाला. स्टेमचं टोक उघडं असेल तर आत दातेरी पाचरी असलेलं सॉकेट, जे टोकावरून खाली सरकतं आणि वर ओढलं की घट्ट आवळतं. याला तेव्हाही फिशिंग म्हणत, आजही अंकलेश्वरच्या रिगवर फिशिंगच म्हणतात. विहीर खणायला लागला त्याहून जास्त वेळ फिशिंगला लागल्याची उदाहरणं कितीतरी. काही जमलं नाही तर अवजारांवर पाणी सोडायचं, डेरिक काही फूट सरकवायचं आणि पहिल्या फुटापासून पुन्हा कांडायला लागायचं.

आता टेकडीवरची मारामारी बघा. कंपनीच्या माणसांना डेरिक जाळायची गरज नाही, कुणाला गोळी घालायची तर नाहीच नाही. रात्री येऊन आठ इंचाच्या भोकात एक कडक पोलादी तुकडा टाकला, मोडकी पहार किंवा ऐरणीचा टवका, की काम झालं. बिट पोलादावर आपटून पोलाद फुटत नाही, बिट फुटतं. टाकायला एक क्षण, काढायला तीन आठवडे. ते जमलं नाही तर बॉयलरचं पाणी तोडा. वाफ नाही तर ठोका नाही. म्हणून एकट्या मालकाला रात्री झोप नसे. तो राखत असे ते भोक. शेतात माळा बांधून ज्वारी राखतात, तितक्याच डोळ्यांत तेल घालून.

केसिंगबद्दल दोन शब्द तरी हवेतच, कारण एकटा मालक इथेच बुडायचा. खाली जाताना वाटेत पाण्याचे थर लागतात. ते पाणी तेलाच्या थरात उतरलं की थर बुडाला, विहीर वाया. म्हणून पाण्याचा थर ओलांडून कठीण खडकात पोचलं की लोखंडी पाइप उतरवून तो थर बाहेर कोंडायचा. पण पाइप आत गेला की पुढचं भोक त्याच्या आतून, म्हणजे अरुंद. दुर्बिणीच्या नळ्यांसारखं: साडेबारा इंच, मग दहा, मग सव्वाआठ, मग साडेसहाच्या वर थोडं. पैसे वाचवायला सुरुवातच आठ इंचाने केली आणि पाण्याचे थर अपेक्षेपेक्षा दोन जास्त निघाले, तर तेलापर्यंत पोचायच्या आत भोकच संपतं. पाइप महाग, आणि तो उधारीवर मिळायचा.

तेलाचा थर लागला तरी तेल आपणहून वाहीलच असं नाही. मग नायट्रोग्लिसरीन. पत्र्याच्या नळ्यांत भरून तळाशी सोडायचं, वरून एक वजन टाकायचं आणि पळायचं. स्फोटाने खडकाला भेगा पडतात, तेलाला वाट मिळते. विहिरीत स्फोट करायचा हा उद्योग १८६५ साली रॉबर्ट्स नावाच्या माणसाने सुरू केला, पेटंट घेतलं आणि प्रत्येक स्फोटामागे जबर पैसे घ्यायला लागला. परिणाम काय? लोक रात्री चोरून स्वतःच स्फोट करू लागले. अशांना मूनलायटर म्हणत. दिवसा नोकरी, रात्री दुसरं काम या अर्थाने आज तोच शब्द आपल्या आयटीवाल्यांच्या तोंडी आहे, फरक एवढाच की त्यांच्या पिशवीत नायट्रोग्लिसरीन नसतं. ओक्लाहोमातली पहिली धंदेवाईक तेलविहीर, बार्टल्सव्हिलची ‘नेली जॉनस्टोन क्रमांक १’, १८९७च्या एप्रिलमध्ये अशाच स्फोटाने जागी केली. आणि जागी करून झाकून ठेवावी लागली, कारण तेल न्यायला रेल्वेच नव्हती.

झाकून ठेवलेली नेली लक्षात असू द्या, तिच्याकडे परत यायचंय.

त्याआधी कारंज्याचा समाचार. तेलाच्या प्रत्येक पिक्चरमध्ये कारंजं उडतं आणि माणसं त्याखाली नाचतात. कारंजं उडतं कारण कांडलेलं भोक जवळजवळ रिकामं असतं. खालच्या दाबाला वरून अडवायला काहीच नसतं. फिरत्या पद्धतीत भोक मडने, म्हणजे मुद्दाम कालवलेल्या जड चिखलाने, भरलेलं असतं. हजार मीटर खोल भोकात पाण्याच्या १.२ पट जड मड असेल तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १२० किलोचा दाब बसतो. खालचा दाब त्याहून वाढला की किक येते, म्हणजे खालचं तेल-गॅस भोकात घुसतं, आणि तिच्यासाठी बीओपी, म्हणजे भोकाचं तोंड बंद करणारी दणकट झडप. बीओपी आला १९२२ साली, तेव्हा १९१३च्या टेकडीवर तो असणं शक्यच नाही. टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपला १९०१च्या जानेवारीत मड वापरूनही विहीर उसळली आणि नऊ दिवस आवरली नाही. कारंज्याबरोबर गॅस येतो, आणि बाजूला बॉयलरची भट्टी पेटलेली असते. बडोद्यातला कुठलाही रिगवाला हा प्रसंग बघताना नाचत नाही. तो खुर्चीतून अर्धा उठतो आणि पडद्याला सांगतो, आधी आग विझवा.

आता कायदा. हा सगळा तमाशा अमेरिकेतच का घडला? कारण तिथे जमिनीच्या मालकाची मालकी खालपर्यंत जाते. शेतकरी जमीन लीजवर देतो, निघालेल्या तेलाचा आठवा हिस्सा घेतो, उरलेले सात हिस्से खणणाऱ्याचे. पण तेल तर सरकतं. माझ्या भोकातून शेजारच्या रानाखालचं तेल वर आलं तर ते कुणाचं? पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली गॅसच्या एका खटल्यात दिलेलं उत्तर रानटी जनावराच्या दाखल्यावर उभं होतं. हरीण तुमच्या रानातून माझ्या रानात आलं आणि मी धरलं तर ते माझं. तेल-गॅसचंही तेच, ज्याने वर काढलं त्याचं. याला रूल ऑफ कॅप्चर म्हणतात.

या एका नियमाने पुढचं सगळं ठरतं. शेजाऱ्याने विहीर घेतली की तुम्हाला हद्दीलगत घ्यावीच लागते. थांबलात की तुमचं तेल तो पितो. दोन पोरांनी एका ग्लासात दोन स्ट्रॉ घालून ऊसाचा रस पिण्यासारखं. दोघंही तहान लागली म्हणून ओढत नसतात.

त्यात आता आकडे घाला. समजा तुमची विहीर दिवसाला ५० बॅरल देते. बॅरल म्हणजे ४२ गॅलन, साधारण १५९ लिटर. तुमच्याकडे २५० बॅरलची एक लाकडी टाकी. ती पाच दिवसांत भरते. पाचव्या दिवशी कंपनीचा गेजर येतो. तो टाकीत पट्टी सोडून उंची मोजतो, तळाचा नमुना काढून गाळ आणि पाणी वजा करतो, तापमानाप्रमाणे आकारमान सुधारतो आणि पावती फाडतो. मग झडप उघडून तेल कंपनीच्या पाइपात. १९१३च्या अखेरीस बॅरलला सुमारे एक डॉलर.

आणि समजा गेजर आलाच नाही. त्याने ‘नाही’ म्हटलेलं नाही, फक्त ‘या आठवड्यात जमत नाही, लाइन भरलीय’ म्हटलंय. सहाव्या दिवशी टाकी वाहू लागते. तुम्ही मातीचा खड्डा खणून त्यात तेल सोडता. हलका, किमती भाग उन्हाने उडून जातो, उरतो तो जाड काढा, आणि एका ठिणगीची भीती. विहीर बंद ठेवावी तर शेजारी ओढतोच आहे, त्याच्याकडे लाइन आहे. मजुरी चालू, पाइपची उधारी चालू, लीजची मुदत चालू. तीन आठवड्यांनी कंपनीचा एक सभ्य माणूस येतो, टोपी काढतो आणि विहिरीची किंमत विचारतो. पॅलन्सने पिक्चरभर लाठ्या चालवून जे होत नाही ते हा माणूस चहा पिता पिता करून जातो. क्रेमरला हे पडद्यावर दाखवता आलं नसतं. टाकी भरताना बघायला तिकीट कोण काढेल? पण मोठ्या कंपनीचं खरं हत्यार ही न उघडलेली झडप होती. नेली झाकून ठेवावी लागली ती पाइप आणि रूळ नव्हते म्हणून. पुढे पाइपही आले, रूळही आले, आणि झडपेची किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली.

एकटे मालक गप्प बसले असं मात्र नाही, आणि त्यांच्या खऱ्या कहाण्या पिक्चरहून जास्त विनोदी आहेत. १८६५ साली सॅम्युएल व्हॅन सायकलने पेनसिल्व्हेनियात पाच मैलांची दोन इंची पाइपलाइन टाकली, तेव्हा ती उखडायला धावले ते बैलगाडीवाल्यांचे अमेरिकन भाऊबंद, घोडागाडीवाले. त्यांचं पोट जात होतं. १८७९ साली स्वतंत्र उत्पादकांच्या टाइडवॉटर कंपनीने रेल्वेला आणि स्टँडर्ड ऑइल या बड्या कंपनीला वळसा घालून ॲलेघेनी डोंगर ओलांडणारी ११० मैलांची लाइन टाकली. पाइपातून तेल डोंगर चढेल यावर पैज लावायला फारसं कुणी तयार नव्हतं. चढलं. यानंतर स्टँडर्डने काय केलं? स्वतःच्या लाइन टाकल्या आणि टाइडवॉटरमध्ये भागीदारी मिळवली.

कॅन्ससची तऱ्हा तर लाजवाब. १९०५ साली तिथल्या उत्पादकांचं स्टँडर्डच्या खरेदी कंपनीशी वाजलं. विधिमंडळाने काय ठराव करावा? सरकारी रिफायनरी काढायची आणि ती तुरुंगाची शाखा म्हणून कैद्यांकडून चालवायची! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, नाहीतर यावर एक स्वतंत्र कॉमेडी झाली असती. १९११ साली स्टँडर्डचे कोर्टाने ३४ तुकडे केले. पिक्चरमधली बाई टेकडीवर उभी आहे ती त्यानंतर दोन वर्षांनी. पण हत्तीचे चौतीस तुकडे केले तरी सशाला प्रत्येक तुकडा हत्तीएवढाच वाटतो. शिवाय १९१२ साली ओक्लाहोमातल्याच कुशिंगला प्रचंड साठा सापडला आणि १९१५पर्यंत भाव निम्म्याच्याही खाली आला. म्हणजे टेकडी जिंकलेल्या माणसालाही पुढे शेजाऱ्याच्या समृद्धीने मारलं. १९३१ साली ओक्लाहोमाचे गव्हर्नर विल्यम मरे यांनी भाव बॅरलला एक डॉलर होईपर्यंत विहिरी बंद, असा हुकूम काढून तीन हजारांवर विहिरींवर लष्करी पहारा बसवला. टेकडीवर बंदूक घेऊन उभं राहायचं, पण विहीर चालू राहू नये म्हणून. इतकं उलटं कथानक कुठल्या लेखकाला सुचलं नसतं.

आपल्याकडे हा वेस्टर्न घडूच शकत नाही. आपल्या शेताखालचं तेल शेतकऱ्याचं नसतं. खंभातजवळ लुणेजला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, अंकलेश्वरच्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिलं, पण ज्या रानात ती लागली त्या रानाच्या धन्याला आठवा हिस्सा नाही. त्याला वरच्या जमिनीचा मोबदला मिळतो, खालच्या तेलाची रॉयल्टी सरकारात जाते. तेव्हा हद्दीलगत विहिरी घेण्याची शर्यत नाही, आणि भोक राखायला बंदूक घेऊन बसलेली बाईही नाही.

पण न उघडलेल्या झडपेचा प्रयोग आपल्याकडेही झालाय, आणि इथे एकट्या मालकाची भूमिका खुद्द भारत सरकारकडे होती. १९६० साली रशियाने स्वस्तात क्रूड, म्हणजे कच्चं तेल, देऊ केलं. देशातल्या मोठ्या रिफायनऱ्या तेव्हा बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स यांच्या, ट्रॉम्बेला आणि विशाखापट्टणमला. तिघांनीही ते शुद्ध करायला नकार दिला. क्रूड आहे, गिऱ्हाईक आहे, मधली झडप दुसऱ्याची. पुढे १९६१ साली तेलाच्या किमतींची चौकशी करणारी दामले समिती या कंपन्यांच्या हिशोबात शिरली. तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी सरकारी रिफायनऱ्यांचा आग्रह का धरला, हे या पार्श्वभूमीवर नीट कळतं. १९६५ साली आपल्या कोयलीची रिफायनरी सुरू झाली ती रशियाच्या मदतीने, वर्षाला वीस लाख टनांच्या आराखड्यावर. पुढे वाढत वाढत ती एक कोटी सदतीस लाखांची झाली. गंमत म्हणजे खाजगी विहिरीच्या मालकिणीची बाजू घेणाऱ्या या अमेरिकन पिक्चरसाठी क्रेमरला १९७३ साली बक्षीस मिळालं तेही मॉस्कोच्या महोत्सवात.

पिक्चर बघून झाल्यावर एखाद्या रविवारी अंकलेश्वरच्या बाजूला गेलात तर शेतात मान हलवत उभे असलेले पंप बघा. त्यांची ती वरखाली होणारी तुळई म्हणजे टेकडीवरच्या वॉकिंग बीमची थेट वंशज. जुन्या काळी कांडून झालं की त्याच तुळईला दोराऐवजी पंपाच्या सळया जोडत आणि तीच विहीर उपसत. पुढे डेरिक गेलं, बॉयलर गेला, तुळई तेवढी राहिली. ठोके मात्र मंदावले. आता ती मिनिटाला थोड्याच वेळा मान हलवते.

आणि कोयलीच्या आसपास शेताच्या बांधावर पाइपलाइनचे खुणेचे खांब दिसतील. त्यांच्यामागे १९६२चा एक कायदा आहे. पाइपलाइनसाठी जमीन विकत घेतली जात नाही, फक्त तिच्या वापराचा हक्क घेतला जातो. झालेल्या नुकसानीची भरपाई, आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. जमीन शेतकऱ्याचीच राहते आणि तो ती कसतो. वर कपाशी चालते, तूर चालते. घर बांधता येत नाही, आंबा लावता येत नाही, आणि विहीर खणता येत नाही.